निरीक्षण दाखवून अवलक्षण

११ सप्टेंबर

चि. टाचणी हिला मावशीचे अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार.

तुझी आई परवा येऊन गेली. आली होती तुझं पत्र दाखवायला. माझा चहा प्यायली आणि जाता जाता माझं डोकंही खाऊन गेली. म्हणते, "पोरीला विज्ञान शिकवायला ठेवलंय आणि ही लिहिते, मुलांना मैदानावर पळवलं, हात धरायला लावले. ही शाळा आहे की सर्कस?" मी म्हटलं, "धाकटे, सर्कशीत निदान जाळी तरी बांधतात."

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं शिक्षण कचेरीच्या फाटकाबाहेर झालं, टाइपरायटरसमोर, लोकांचे अर्ज लिहून देता देता. त्यामुळे अणू-रेणूंतलं मला काही कळत नाही, पण कागदातलं कळतं. तुझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलंय, "एक वर्ष तात्पुरती, काम पाहून कायम." यातले "काम पाहून" हे दोन शब्द फार घातकी. कोण पाहणार, कधी पाहणार, चष्मा लावून पाहणार की न लावता, काहीच लिहिलेलं नाही. अशा दोन शब्दांनी भल्याभल्यांना फाटकाबाहेर आणून माझ्या टेबलासमोर उभं केलेलं मी पाहिलंय.

कायम झालीस तरच नववीचा हा वर्ग दहावीला तुझ्याकडे राहील, हे तूच मला सांगितलंस. सांगताना तुझा चेहरा असा झाला होता की लोकांचा पहिल्या मुलाच्या बारशालाही होत नाही. म्हणून म्हणते, वर्ग हवा असेल तर सर्कस जरा आवरती घे. बाकी तू शहाणी आहेस. शहाणी नसतीस तर एवढं लिहायचे कष्ट मी घेतले नसते.

तुझी,
मावशी


२० सप्टेंबर

प्रिय मावशी,

आईला सांग, सर्कस साफ फसली, काळजी नको.

रेणू शिकवायचे होते. पुस्तकात दोन गोळे आणि एक मोठा गोळा काढलाय, त्याखाली "पाणी". मुलं ते गोळे वर्षानुवर्षं रंगवत आली आहेत. मी म्हटलं, आपणच रेणू होऊ. दोन मुलींना हायड्रोजन केलं, एका मुलाला ऑक्सिजन. हात धरा म्हटल्यावर तिघंही असे लाजले की पाणी काही झालं नाही, घाम मात्र पुष्कळ झाला.

मग पेशीची प्रतिकृती घरून करून आणा, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्गात वडिलांचं प्रदर्शन भरलं. एकीचे वडील सुतार, तिच्या पेशीला कडी-कोयंडा. एकाचे घरं बांधतात, त्याच्या पेशीला जिना. मी विचारलं, "हा जिना कशाला रे?" तर म्हणतो, "माहीत नाही बाई. बाबा म्हणाले, पुढेमागे मजला चढवता येईल."

शिक्षकखोलीत माझं हसं होतं, ते एक बरं, बाकीच्यांना करमणूक नव्हती. आघाडीवर आमचे गाइड सर. इतकी वर्षं तीच उत्तरं सांगतात, की आता वही उघडावी लागत नाही. त्यांची मुलं उत्तर पाठ म्हणताना खोकतातसुद्धा तिथेच, जिथे सर खोकतात. मला म्हणाले, "बाई, मैदानावरून परीक्षेत प्रश्न येत नाहीत."

पण मावशी, तिसरी गोष्ट जमली. प्रत्येकाला एक बटाटा दिला. म्हटलं, नीट पाहा आणि जे दिसतं तेवढंच लिहा. याला निरीक्षण म्हणतात. त्यावरून मनाने जे ठरवाल ते अनुमान, ते आज नको. पहिल्या खेपेला निम्म्या वर्गाने लिहिलं, "बटाटा ही पौष्टिक भाजी आहे." मी विचारलं, "हे तुला दिसलं?" "नाही बाई. पुस्तकात आहे." आमचा शेवटच्या बाकावरचा उंच मुलगा, त्याला सगळे खांब म्हणतात, त्याने लिहिलं, "माझा बटाटा चिडलेला आहे." पहिल्या बाकावरच्या चष्मिसने तिथल्या तिथे त्याला धरलं, "चिडलेला हे अनुमान! निरीक्षण सांग." खांब बराच वेळ बटाट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दोन डोळे जवळजवळ आहेत आणि मध्ये आठी आहे."

मग सगळे बटाटे एका पाटीत ओतले आणि म्हटलं, आपापला शोधा. आणि मावशी, सापडले गं! एकेकाने आपला बटाटा असा उचलला, जसा जत्रेत हरवलेला भाऊ. तेव्हापासून हा वर्ग दिसेल त्याचं निरीक्षण करतोय. फळा, गळका नळ, शिपाईकाकांच्या चपला, काही सुटत नाही.

मला हा वर्ग दहावीला हवाच आहे.

तुझी,
टाचणी


२ ऑक्टोबर

चि. टाचणी,

पत्र पोचलं. बटाट्यांचं पुढे काय केलंत ते लिहिलं नाहीस. म्हणजे शिक्षण घेतलेली माणसं जेवणाचा मुद्दा नेहमी गाळतात, हे माझं निरीक्षण.

दुसरं. पानभर पत्रात गाइड सर तीनदा आले. गाइड सर हसले, गाइड सर म्हणाले, गाइड सर खोकले. माणसाचा खोकलासुद्धा लक्षात राहायला लागला की आम्ही काय समजायचं ते समजतो. वय काय? स्वभाव कसा? घरी कोण कोण असतं? आईला अजून बोलले नाही, आधी तुझ्याकडून कळू दे.

आणि ते अनुमान-बिनुमान तुझ्या वर्गात ठेव. आम्ही शितावरून भाताची परीक्षा करणारी माणसं. अख्खं पातेलं चिवडत बसलो असतो तर जेवलो कधी असतो?

मावशी


८ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

गाइड सरांना दोन नातवंडं आहेत आणि ते दोन-तीन वर्षांत निवृत्त होतील. खोकला तंबाखूचा आहे. आईला सांगायचं असेल तर जरूर सांग, तीही जरा हसेल. तुझं शीत दगड निघालं. बटाटे शिपाईकाकांनी घरी नेले. झालं समाधान?

आता कामाचं. येत्या सोमवारी वरच्या कचेरीतले साहेब शाळा तपासायला येणार आहेत. ते माझ्या वर्गावर बसतील, शेरा लिहितील आणि तो पाहून मोठ्या बाई मला कायम करायचं की नाही ते ठरवतील. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. शुद्ध भाषेचा त्यांना फार सोस. "तपासणी" हा शब्द त्यांना दवाखान्यातला वाटतो, म्हणून फळ्यावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात सूचना लिहिली आहे: "सोमवारी निरीक्षण आहे. सर्व विद्यार्थ्यांनी पूर्ण तयारीने यावे."

मी ध्वनीचा धडा घेणार आहे. मुलांना म्हटलं, नेहमीसारखे वागा. आता वाटतंय, हे म्हणायला नको होतं का?

टाचणी


१५ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तपासणी छान झाली. हवा बरी आहे. आईला नमस्कार.

टाचणी


२० ऑक्टोबर

चि. टाचणी,

"तपासणी छान झाली." वा! काय ते शब्द, काय तो थाट! तार आली की पत्र?

अगं, एका पानाखाली तू कधी लिहिलेलं नाहीस. दात दुखला होता तेव्हा दाढेवर चार पानं आली होती. आणि हवा बरी आहे म्हणे! हवेविषयी तू जन्मात लिहिलं नाहीस. "सर्व क्षेमकुशल आहे" असं सांगून माझ्यासमोर खुर्चीत बसणारा माणूस हमखास घर बुडवून आलेला असायचा.

काय झालं ते सविस्तर लिही. रडून झालं असेल तर लिही, नसेल तर आधी रड आणि मग लिही. कागद ओला झाला की शाई फुटते.

मावशी


२४ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

ऐक तर मग.

साहेब आले आणि मागच्या बाजूला खुर्चीवर बसले. मी ध्वनी शिकवत होते. मुलं इतकी शांत की माझा ध्वनी मलाच ऐकू यायला लागला. सगळ्यांच्या माना खाली आणि सगळ्यांचे हात चाललेले. अधूनमधून एकेक जण मागे वळून पाही आणि पुन्हा लिही. साहेब खूश. मोठ्या बाई दारात उभ्या, त्याही खूश. मी एकटीच घाबरलेली, कारण मी काहीच लिहायला सांगितलं नव्हतं.

शेवटी साहेब उठून पुढे आले आणि चष्मिसपाशी थांबले.

"काय लिहितेस बाळ एवढं?"

"निरीक्षण, सर."

"अरे वा! कशाचं?"

"तुमचं."

साहेब मोठ्याने हसले. म्हणाले, "वाच बघू." आणि मावशी, ती उभी राहून स्वतःचं आणि मागच्या बाकांवरून पुढे आलेलं असं सगळं वाचायला लागली. तिचा तो खणखणीत आवाज आधीच शाळेच्या टोकापर्यंत जातो.

"पाहुणे वर्गात आले तेव्हा त्यांच्या कागदावर शेरा लिहिलेला होता. 'अध्यापन समाधानकारक.' शाई वाळलेली होती. पाहुण्यांनी फळ्याकडे पाहिलं नाही. पाहुण्यांच्या मांडीवर मोबाइल आहे. मोबाइलवर पत्ते आहेत. लाल राणी अडकली आहे."

साहेबांनी मोबाइल खिशात घातला आणि हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "बरं. आणि यावरून तुम्ही काय अनुमान काढलं?"

"नाही काढलं, सर. बाई म्हणतात, एका निरीक्षणावरून अनुमान काढायचं नसतं. तुम्हाला अजून दोन-तीनदा यावं लागेल."

तेवढ्यात मागून खांब म्हणाला, "सर, आता कान लाल झाले आहेत. ते लिहू का?"

मुलांची चूक नाही गं. फळ्यावर मोठ्या बाईंनीच लिहिलं होतं, सोमवारी निरीक्षण आहे, तयारीने या. बिचारी तयारीने आली. दोघांनी तर भिंग आणलं होतं.

मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी वर्गाचं माफीपत्र टेबलावर हवं, सगळ्यांच्या सह्यांचं, आणि खाली तुमची. "नाहीतर कायम होण्याचं विसरा." मी म्हटलं, मुलांना सूचनेतला शब्दच तसा वाटला. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता माझी भाषा चुकली?"

आईला यातलं काही सांगू नकोस.

टाचणी


२९ ऑक्टोबर

चि. टाचणी,

तुझं पत्र वाचताना मी इतकी हसले की शेजारीण धावत आली. लाल राणी अडकली आहे! मग हसू ओसरलं आणि लक्षात आलं, हे हात दाखवून अवलक्षण आपल्याच घरात झालंय.

आता नीट ऐक. सत्य वगैरे ठीक आहे, पण सत्याला बसायला खुर्ची लागते आणि खुर्ची कायम असलेल्यांनाच मिळते. माफी मागायला जीभ झिजत नाही. हत्ती गेलाय, शेपटासाठी कशाला अडतेस? सोबत मसुदा पाठवते आहे. हे माझं हातखंडा काम. निलंबित झालेले लोक असल्या मसुद्यांवर हारतुऱ्यांसकट कामावर परत गेले आहेत. मुलांकडून उतरवून घे, सह्या घे, मोकळी हो.

"परमादरणीय महोदय,

आपल्यासारख्या थोर, विद्वान व प्रेमळ व्यक्तीची पावले आमच्या वर्गास लागली, हे आमचे परमभाग्य. परंतु आम्हा अज्ञान बालकांच्या हातून अनवधानाने घडलेल्या अक्षम्य प्रमादामुळे आपल्या कोमल अंतःकरणास क्लेश झाले, या विचाराने आमच्या नेत्रांतील अश्रू खळत नाहीत. आम्ही जे वाचले ते आमच्या दृष्टीचा दोष होता. आपण सागरासारखे क्षमाशील आहात. उदार मनाने आम्हांस पदरात घ्यावे.

आपले कृपाभिलाषी,
इयत्ता नववीचे विद्यार्थी"

"दृष्टीचा दोष" कसं बसलंय ते बघ. ही जागा सगळ्यांना साधत नाही.

मावशी


१० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझा मसुदा अप्रतिम आहे. वाचून मलाच वाटलं, साहेबांची क्षमा मागावी, निदान तुझ्या भाषेसाठी तरी.

सगळी सुट्टी तो पर्समध्ये घेऊन फिरले. खोटं कशाला बोलू, सही करायला पेनही उघडलं होतं. दहावीचा वर्ग डोळ्यांसमोर दिसत होता. शाळा उघडली त्या दिवशी पहिल्या तासाला वर्गात गेले आणि म्हटलं, हे उतरवून घ्या. अर्ध्यावर आले असेन नसेन, चष्मिसने हात वर केला.

"बाई, आम्ही खोटं काय वाचलं?"

मी म्हटलं, "खोटं नाही गं."

"मग दृष्टीचा दोष कसा?"

मावशी, एवढे दिवस मी या मुलांना एकच गोष्ट शिकवली होती. जे दिसतं ते सांगा. आता त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं, की तुम्हाला दिसलं ते दिसलंच नाही, कारण बाईंना कायम व्हायचंय. शेवटी मसुदा फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, यातलं जे तुम्ही पाहिलंय तेवढं ठेवा, बाकीचं पुसा.

तुझ्या कलाकृतीचं पुढे काय झालं ते धीराने ऐक. "थोर" पहिल्या मिनिटात गेलं. "विद्वान" वर जरा चर्चा झाली. कोणीतरी म्हणालं, चष्मा होता. चष्मिस म्हणाली, चष्मा मलाही आहे आणि मला गणितात किती पडतात ते सगळ्यांना माहीत आहे. "विद्वान" गेलं. "कोमल अंतःकरण" दिसायला आत बघावं लागेल म्हणून गेलं. अश्रूंसाठी एकमेकांचे डोळे तपासले, एकीचे ओले निघाले, पण तिला सर्दी होती. सागर कोणी पाहिलेलाच नाही. सगळं पुसून झाल्यावर फळ्यावर शिल्लक राहिलं: "इयत्ता नववीचे विद्यार्थी".

मग त्यांनीच नवं लिहिलं. जसंच्या तसं देते:

"आपण सोमवारी आमच्या वर्गात आलात. आम्हाला वाटलं, निरीक्षण आम्ही करायचं आहे. आम्हाला जे दिसलं ते आम्ही लिहिलं. ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं तेव्हा आपले कान लाल झाले. सगळ्यांसमोर कान लाल झाले की फार वाईट वाटतं. पुढच्या वेळी आम्ही आधी आपल्याला एकट्याला दाखवू."

"फार वाईट वाटतं" वर चष्मिस अडली, म्हणाली, हे अनुमान आहे. तर खांब शेवटच्या बाकावरून म्हणाला, "पण एका निरीक्षणावरून नाही काढलेलं. माझे रोज होतात." ते वाक्य राहिलं. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली.

मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. विचारलं, "ही माफी आहे?" मी म्हटलं, "यात खोटं एकही वाक्य नाही." त्या म्हणाल्या, "मी ते विचारलं नाही." कागद खणात गेला. आता वर्षाअखेरीस काय ते कळेल.

टाचणी


१८ नोव्हेंबर

श्रीमती टाचणीबाई यांस,

आपण माझ्या मसुद्याचा जो सन्मान केलात, त्याबद्दल कचेरीच्या फाटकाबाहेरील समस्त मंडळी आपली ऋणी आहेत. आजवर माझ्या कागदावर मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्या. फळा पुसायचा बोळा मात्र पहिल्यांदाच फिरला. "सागर" काढला, ठीक. "पदरात घ्यावे" का काढलं? ते तर विनंतीचं वाक्य होतं, त्यात पाहायचं काय? तुझी पोरं व्याकरणात कच्ची आहेत.

दोन दिवस मी रागातच होते. शेजारीण म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हटलं, "नववीत नापास झाले."

त्या उंच पोराचे कान रोज कोण लाल करतं? हे तू लिहिलं नाहीस. ते बघ. माझ्या मसुद्याचं नंतर बघू.

आणि आता वाट पाहा. घोडामैदान जवळ आहे, पण घोडा आपला नाही.

मावशी


६ एप्रिल

प्रिय मावशी,

अधल्यामधल्या पत्रांत मी हा विषय टाळत होते, तूही मुद्दाम विचारत नव्हतीस. (खांबाचं कळलं होतंच तुला. पाठांतर येत नाही म्हणून तो दुसऱ्या एका तासाला रोज उभा असायचा. कोणाच्या, ते तू ओळखलंस. सरांशी मी बोलले. "उंच आहे, उभा शोभतो," म्हणाले.)

आज निकाल लागला. साहेबांचा अहवाल आला. माझ्या नावापुढे काय शेरा असेल? "अध्यापन समाधानकारक." तोच! त्यांनी बदललाच नाही. मला काही क्षण वाटलं, जिंकलो. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहवाल उत्तम आहे. पण शाळा मला चालवायची आहे, साहेबांना नाही. आणखी एक वर्ष तात्पुरत्या राहा, मग पाहू." दहावी तात्पुरत्या शिक्षकांना देत नाहीत. माझा वर्ग गाइड सरांकडे गेला.

मुलांना सांगितलं. कोणी रडलं नाही, मलाच शेवटी फळा पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवावी लागली. आता जूनपासून ती खोकायला शिकतील.

मला नाही वाटत मी राहीन. राजीनामा लिहायला घेतलाय. तुझ्याकडे चांगला मसुदा असेलच, पाठव. या वेळी कोणी पुसणार नाही.

टाचणी


१२ एप्रिल

टाचणे,

राजीनाम्याचे मसुदे माझ्याकडे चार प्रकारचे आहेत. रागाचा, आजारपणाचा, घरगुती अडचणीचा आणि चांगली नोकरी मिळाल्याचा. चारही उत्कृष्ट आहेत. एकही मिळणार नाही.

आधी भांडून घेते. एवढं सगळं झाल्यावर तो शेरा तोच राहिला म्हणजे त्या साहेबाने तरी काहीतरी केलं, किंवा काहीच केलं नाही. दोन्हीतून आपला तोटा नव्हता. तोटा केला तो तुझ्या मोठ्या बाईंच्या वळणदार अक्षराने. तिच्याविरुद्ध अर्ज लिहायला बसले आणि म्हटलं, या वेळी तुझ्या पोरांच्या पद्धतीने लिहू, विशेषण एकही नको. तीन ओळींत संपला गं! "सूचनेत निरीक्षण लिहिले. मुलांनी निरीक्षण केले. शिक्षिकेचा वर्ग काढून घेतला." पुढे लिहायला काही उरेना. तीन ओळींकडे बघत बसले, आणि माझ्या अंगावर काटा आला. तो अर्ज धाडत नाही. धाडला तर तुला पुढल्या वर्षीही तात्पुरतीच ठेवतील.

माझं ऐक. वर्ग गेला त्याचं दुःख कर, खुशाल कर. पण जूनमध्ये नवी नववी येऊन बसेल. त्यातल्या निम्म्यांना बटाटा पौष्टिक आहे एवढंच ठाऊक असेल. त्यांना काय माझ्या भरवशावर सोडणार आहेस? मी त्यांना "कोमल अंतःकरण" शिकवीन, सांगून ठेवते.

आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "येऊ दे परत." मी म्हटलं, "नाही." तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. आता तू राहिली नाहीस तर माझा चहा एकटीचा आणि भांडणही फुकट.

मावशी


३० जून

प्रिय मावशी,

राहिले. आई बोलायला लागली का?

नवी नववी बसली आहे. बटाटे झाले. एकाने आपला बटाटा मधल्या सुट्टीत भाजून खाल्ला आणि लिहिलं, "निरीक्षण संपले." याचं पुढे काय करायचं ते ठरवते आहे.

पण आज लिहायचं कारण वेगळं. परवा शेवटच्या तासानंतर मी शिक्षकखोलीत वह्या तपासत होते. गाइड सर आले, दार लोटून घेतलं आणि समोर बसले.

"बाई, तुमच्या त्या पोरांना तुम्ही करून काय ठेवलंय?"

मी म्हटलं, "आता ती तुमची पोरं."

"मी उत्तर सांगत होतो. लोखंड दमट हवेत गंजते व त्यावर तांबूस थर चढतो. एवढं साधं. तर ती चष्म्याची उभी राहते. म्हणते, सर, तुम्ही पाहिलंय? मी म्हटलं, अर्थात! गंजलेलं लोखंड कोणी पाहिलं नाही? तर मागून तो उंच म्हणतो, गंजलेलं सगळ्यांनी पाहिलंय सर. गंजताना?"

"मग?"

"मग काय! तास संपला."

ते गेले नाहीत. टेबलावरचा खडू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मला वाटलं, आता तक्रार मोठ्या बाईंकडे जाणार. थोड्या वेळाने दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"साधारण किती दिवस लागतात हो?"

"कशाला?"

"गंजायला."

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, मावशी. गिळलं. म्हटलं, "मलाही नक्की नाही सांगता येणार, सर."

आज सकाळी दहावीच्या वर्गावरून जात होते. खिडकीच्या कट्ट्यावर चहाची बशी, बशीत ओला कापूस, कापसावर एक कोरा खिळा. त्यावर गाइड सर ओणवे, चष्मा कपाळावर, नाक बशीत. सगळा वर्ग त्यांच्या पाठीमागे गोळा झालेला. चष्मिस टाचा उंचावून डोकावत होती. खांबाला कोणाच्याही डोक्यावरून दिसत असणार, तरी तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता,

"सर, बाजूला व्हा ना! आम्हालाही दिसू द्या!"

तुझी,
टाचणी